वगळलेले अर्ज

अश्दोद येथील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ वृद्धांच्या घरी शुश्रूषेसाठी माणसे पुरवितात. जाहिरात दिली की शे-दीडशे अर्ज येतात. ते वाचण्यात दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर चांगली माणसे दुसरीकडे लागतात. अर्ज निवडणारे सॉफ्टवेअर घ्यावे काय, असे विचारावयास ते आमच्याकडे आले. आम्ही पडलो शिक्षक, संगणकातले आम्हांस काय कळणार! पण उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे निवड करणे ही काय जोखीम असते, हे थोडेफार ठाऊक आहे.

वेळ आणि पैसा वाचविण्यात गैर काहीच नाही. रात्री अकरा वाजता तपासलेल्या शेवटच्या उत्तरपत्रिकांवर आमच्या हातूनही अन्याय झाला असेल. यंत्र दमत नाही, हा त्याचा मोठाच गुण. परंतु ते शिकते कोणाकडून? अ‍ॅमेझॉन कंपनीने 2014 सालापासून असे एक यंत्र तयार करविले. मागील 10 वर्षांत आलेले अर्ज त्यास शिकविले. ते बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा अर्जात 'महिला' हा शब्द दिसला, मग तो महिलांच्या बुद्धिबळ मंडळाच्या नावात का असेना, की यंत्र त्या अर्जास खाली ढकलू लागले. कंपनीने ते मोडीत काढले. 2018 साली ही हकीकत वृत्तपत्रांत आली. यंत्राने नवे पाप केले नाही, माणसांची जुनी खोड तेवढी पाठ केली.

आमच्या गृहस्थांनी महिनाभर वापरून पाहण्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतले. आम्ही एवढेच सुचविले की, यंत्राने वगळलेले अर्ज एकदा स्वतः वाचावेत. त्यांत आपल्याच समाजातील एका बाईंचा अर्ज निघाला. नोकरीत नऊ वर्षांचा खंड, म्हणून बाद. ती नऊ वर्षे बाईंनी अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंची सेवा केली होती, आणि अर्जात तसे स्वच्छ लिहिलेही होते!

विवाहनोंदणीच्या वेळी आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी करण्याचा जो नियम होता, तो वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1964 साली आपला नामोल्लेख त्यातून निघाला, कारण नियम करणारी माणसे होती आणि जेरुसलेमला जाऊन त्यांच्यासमोर गाऱ्हाणे घालता येत होते. सॉफ्टवेअरने वगळलेल्यास आपण वगळलो गेलो हेच मुळी कळत नाही. मग गाऱ्हाणे कोणापुढे घालावयाचे? विक्रेत्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "खंडाची अट काढता येते. कोणी विचारीत नाही, म्हणून सांगितले नाही."

गृहस्थांनी सॉफ्टवेअर घेतले आहे. अट काढविली, आणि वगळलेल्या अर्जांसाठी रोज अर्धा तास राखून ठेवला. बचत तेवढी कमी झाली, याबद्दल ते अजून कुरकुरतात. बाईंना त्यांनी लगेच फोन केला. पण त्यांना दुसरीकडे काम लागून आठवडा झाला होता.