सेवा कोणाच्या हातची?

कीर्तन संपले की जयघोष होतो. त्यात आपण आधी पुंडलिकाचे नाव घेतो, मग हरीचे. देवाच्या अगोदर भक्ताचा मान! आईबापांची सेवा मध्येच सुटू नये म्हणून ज्याने दारी आलेल्या देवाला वीट देऊन थांबविले, त्याचा हा मान. ही कथा ठाऊक नाही असा वारकरी नाही. पण त्यातली एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. आईबापांचे पाय पुंडलिक स्वतः चेपीत होता. ‘तू बस इथे, मी देवाला भेटून येतो,’ असे तो बायकोला म्हणाला नाही.

आता आपल्या घरात काय चालते? पुणे-नाशिक रस्त्यावरचे आमचे कळंब घ्या, नाहीतर शेजारचे कुठलेही गाव घ्या. तीन पिढ्यांचे नांदते घर. पहाटे सून उठते. झाडलोट, धारा, डेअरीचे दूध, पोरांचे डबे. त्यातच अंथरुणाला खिळलेल्या सासूचे तोंड धुणे, कूस बदलणे, पेज भरवणे, गोळ्या देणे. पुढे टोमॅटोच्या तोडणीलाही तीच. रात्री म्हातारी हाक मारते तीही तिलाच. आणि गाव म्हणते, “लेक बघा कसा, अगदी पुंडलिक!”

शास्त्र काय म्हणते? तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्या पुरी झालेल्या शिष्याला गुरू सांगतात की आईला देव मान, बापाला देव मान. हा उपदेश शिष्याला आहे, त्याच्या बायकोला नव्हे. सरकारचा कायदाही तसाच. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात अपत्य म्हणून मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातू-नात सांगितली आहेत. सुनेचे नाव नाही. जिच्यावर शास्त्राने आणि कायद्याने हा भार घातला नाही, तिच्यावरच आपण तो सगळा टाकला.

कोणी म्हणेल, “महाराज, गड्याला शेतीची शंभर कामे. शिवाय आईला लेकाची लाज वाटते.” वाटते, खरे आहे. अंग पुसायचे ते सुनेने, लेकीने पुसावे. पण पेज भरवायला, पाय चेपायला, रात्री उठून पाणी द्यायला कसली लाज? आणि शेतीचे म्हणाल, तर सून शेतात जात नाही काय?

दुसरा विचारील, “मग वारी सोडायची का?” मुळीच नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, ती आषाढ शुद्ध दशमीला पंढरीस पोचते. तेवढे दिवस घरचे म्हातारे माणूस कोणीतरी सांभाळते, म्हणून आपले पाऊल उचलते. आजवर किती सुनांनी असे मागे राहून आपल्याला वाट मोकळी करून दिली! त्यांनाही पंढरीची ओढ आहेच की.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. एका वर्षी तुम्ही वारीला जा, दुसऱ्या वर्षी तिच्या गळ्यात वीणा आणि डोक्यावर तुळस द्या आणि तुम्ही आईपाशी बसा. तोंडाने नाम चालू ठेवा, हाताने पेज भरवा. ती परत आली म्हणजे तिच्या पाया पडा. वारकऱ्याच्या पाया पडण्याची आपली रीतच आहे.

रामकृष्णहरी!