आवड, अधिकार आणि आठवीचा वर्ग

संगीताच्या शिक्षकाला आजचं गाणं आवडायलाच हवं का? माझं उत्तर, नाही. पण मग दुसरा प्रश्न येतो आणि तो जास्त अवघड आहे. जे आवडत नाही त्याला ‘वाईट’ म्हणण्याचा अधिकार कुठून येतो?

मी संगीतात एम.ए. करते आहे. पुढच्या वर्षी बहुधा एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गासमोर पेटी घेऊन बसेन. मला दहा थाट सांगता येतात, भातखंडे आणि पलुसकर यांच्या स्वरलिपींतला फरक समजावता येतो, झपताल हातावर मोजता येतो. मुलांच्या फोनमध्ये मात्र रॅप असेल, वरातीतली डीजेची गाणी असतील, ऑटोट्यूनमधून गेलेले आवाज असतील. त्याबद्दल माझ्या अभ्यासक्रमात फारसं काही नाही. मतं मात्र सगळ्यांकडे तयार असतात.

अशी मतं खुर्चीवर बसली की काय होतं ते आपण पाहिलंय. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटे, म्हणून ते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झालं. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आज त्याच काळातल्या गाण्यांना आपण सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो.

‘म्हणजे काळच काय ते ठरवेल, शिक्षकाने गप्प बसावं,’ असं यावरून कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. पेटीचंच बघा. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आक्षेप खरा होता. पेटीवर मींड निघत नाही, आणि तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हे आजही खरं आहे. तरी ख्यालाच्या मैफलीत आज पेटी सर्रास असते. म्हणजे आक्षेप बरोबर आणि बंदी चूक, असं एकाच वेळी असू शकतं. शिक्षकाचा अधिकार आक्षेपापर्यंत पोचतो, बंदीपर्यंत नाही. आणि आक्षेप घ्यायचा तर आधी नीट ऐकायला हवं.

ऑटोट्यून सुराला जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढतं. ते कडक लावलं तर मींडेच्या पायऱ्या होतात, दरबारीचा आंदोलित गंधार सपाट होतो. हे मी वर्गात ऐकवू शकते. पण एखाद्या गायकाने तोच यांत्रिक आवाज मुद्दाम रंग म्हणून वापरला असेल, तर तेही मला ओळखता आलं पाहिजे.

रॅपबाबत आपण दुसरी पळवाट काढतो. ‘हा तर आपला पोवाडाच!’ ऐकायला हे उदार वाटतं, पण त्यात रॅप ऐकायचाच राहून जातो. त्याच्या एका बारमध्ये बहुधा सोळा बारीक ठोके मोजता येतात, म्हणून तो तीनताल होत नाही. त्यात टाळी-खालीची मांडणी नाही. गंमत वेगळ्या ठिकाणी आहे: शब्द ठोक्याच्या किती आधी पडतो, किती मागे रेंगाळतो, यमक कुठे लपतं. लयकारी शिकलेल्या कानाला हे कळायला हरकत नाही.

हे सगळं कशासाठी? कारण मुलाचं गाणं एकटं येत नाही. ते घरातून, वस्तीतून, मोठ्या भावाच्या फोनमधून येतं. शिक्षक ‘हे काय ऐकतोस?’ म्हणून हसला की ते हसू त्या सगळ्यांवर पडतं. मूल ऐकणं थांबवत नाही, फक्त शिक्षकाला सांगणं थांबवतं. मग त्याला काही दाखवण्याची वाटही बंद होते.

म्हणून वर्गात मी दोन वाक्यं वेगळी ठेवणार आहे. ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘इथे सुराचं असं होतंय’. पहिलं वाक्य मुलांनी उडवून लावलं तरी चालेल. दुसरं खोडायचं असेल तर त्यांना गाणं पुन्हा, कान देऊन ऐकावं लागेल. आणि मलाही.