आपली आवड

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत, याचा इंग्रजांना खरं म्हणजे हेवा वाटायला हवा. त्यांना एका 'वुई'वर सगळा प्रपंच भागवावा लागतो. आपलं तसं नाही. 'आपण जेवू या' म्हटलं की पाट तुमच्यासाठीही मांडलेला असतो. 'आम्ही जेवतो' म्हटलं की तुम्ही चपला शोधायला लागावं. एवढी सोय असूनही माणसं हे शब्द किती गाफीलपणे वापरतात ते पाहायचं असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या भावंडांना एकत्र बसवावं आणि जुन्या गाण्यांचा विषय काढून द्यावा.

आम्ही चौघं गणपतीला बोर्ली पंचतनला जमतो. (नुसतं 'बोर्ली' लिहून भागत नाही. तिकडे मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला आहे. 'पंचतन' राहिलं तर पत्र तिथे जाऊन पाहुणचार घेतं.) आरती झाली, मोदक अंगावर आले, की दादा ओटीवरच्या खांबाला टेकतो आणि सुरू करतो, "काय दिवस होते! बुधवारी रात्री आठचा ठोका पडला की आपण सगळे रेडिओभोवती. बिनाका गीतमाला! एक रेडिओ, पण अख्खं घर एकत्र. नाहीतर आता! घरात पाच माणसं आणि पाच करमणुकी. प्रत्येकाच्या कानात बोंडं!"

धाकटा मान डोलावतो. मीही डोलावतो. गीतमालेवर मान डोलावली नाही तर आमच्या पिढीतून नाव कमी होतं.

गीतमाला १९५२ साली सिलोनवर सुरू झाली, त्यालाही एक मराठी माणूस कारणीभूत होता. त्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. सिनेमाची गाणी ऐकून जनता बिघडते असं त्यांचं मत होतं, आणि मंत्र्याचं मत हे नुसतं मत राहत नाही. आकाशवाणीवरची सिनेगीतं ओसरली. जनतेने न बिघडता काय केलं, तर काटा सरकवून सिलोन लावलं. तिथे अमीन सयानी वाटच पाहत होते. शेवटी सरकारला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. बिनाका ही टूथपेस्ट होती, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. आमच्याकडे दात राखुंडीने घासत.

आमच्या घरातले केसकर म्हणजे दादा. वडिलांनी पहिला ट्रान्झिस्टर आणला, पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढला, आणि रेडिओचा कान पिळण्याचा अधिकार थोरल्या मुलाकडे दिला. सेल महाग. मंदावले की ते अंगणात उन्हात सुपारीच्या शेजारी वाळत घालायचे. दोन दिवस तेवढेच जास्त चालत. तेव्हा कुठलं स्टेशन, किती वेळ आणि किती मोठ्याने, हे सगळं दादा ठरवी. आम्हाला त्याची आवड तीच आपली आवड वाटे.

गेल्या वर्षी दादाचं 'आपण सगळे' ऐकून अक्का आतून पदराला हात पुशीत बाहेर आली. म्हणाली, "आपण कोण रे?"

"म्हणजे काय? आपण. तू, मी, हे दोघे."

"मी नव्हते. आठ वाजता तुम्हाला पानं लागायची. मी आणि आई चुलीपाशी. मला गाणी पाठ आहेत ती पहिल्या कडव्यापर्यंत. दुसरं कडवं लागलं की तू पाणी मागायचास. आणि पहिल्या नंबरचं गाणं कुठलं ते सांगायची वेळ आणि आमटीच्या फोडणीची वेळ एकच."

दादा चपापला, पण थोरला असल्यामुळे लगेच सावरला. "पण गाणी तुला माहीत झाली ती कुणामुळे?"

"भिंतीमुळे," अक्का म्हणाली. "चूल ओटीच्या भिंतीला लागून होती."

मग तिने पोस्टकार्डाची गोष्ट काढली. मुंबई आकाशवाणीच्या 'आपली आवड' कार्यक्रमाला आम्ही फर्माईश पाठवली होती. अक्षर अक्काचं, कारण घरात मोत्यासारखं तेच. खाली पत्ता ठणठणीत : मु. पो. बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन, जि. कुलाबा. (जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला.) नावं दादाचं, माझं, धाकट्याचं, आणि 'मित्रमंडळी'. अक्काचं नाव नाही. मुलीचं नाव रेडिओवरून पुकारलं तर उद्या स्थळं काय म्हणतील, असं घरात ठरलं होतं. मित्रमंडळींत कोण कोण होतं ते आज आम्हा तिघांनाही आठवत नाही. म्हणजे न आठवणाऱ्या माणसांना जागा होती आणि लिहिणारीला नव्हती. ते गाणं कधी लागलंच नाही. अक्का म्हणते, "बरं झालं."

आता प्रश्न असा, की दादा खोटं बोलतो का? मला तसं वाटत नाही. त्याच्या आठवणीत खरोखरच सगळं घर रेडिओभोवती आहे. आवाज घरभर जात होता, म्हणून माणसंही जवळ होती असं त्याने धरलं. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाची आठवण बसलेलीच येते. पण गेल्या काळाबद्दल हळहळायचं, तर तो काळ आधी वाट्याला यायला नको का? अक्काच्या वाट्याला भिंतीपलीकडचा अर्धा काळ आला. हळहळ मात्र दादा तिच्याही नावाने पुरी करतो.

दादाची बाजू अगदीच लंगडी आहे असंही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. वाड्यांतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, वीज कित्येक आठवडे नाही, मोबाइल मुके. तेव्हा दादाने जुना ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले, आणि संध्याकाळच्या बातम्यांना आळी ओटीवर जमू लागली. फोन मुंबईला लागायला लागल्यावर त्याने सगळ्यात आधी हेच सांगितलं. छपराची कौलं उडाल्याचं नंतर. आपण न निवडलेलं चार माणसांत बसून ऐकावं, यात काही तरी आहे. नाट्यगीतं मी स्वतः होऊन कधीच लावली नसती. दादाने ती कानांत कोंबली म्हणून आज मला आवडतात. अक्काने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आळीतल्या बायका होत्या का ओटीवर?" दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "आम्ही चुली पेटवत होतो. गॅस संपला होता." आम्ही. व्याकरण कसं चोख!

अक्का सासरी गेली तेव्हा तिथला रेडिओ सासऱ्यांचा होता. १९८७ साली रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी शेजारपाजारची पंचवीस माणसं तिच्याकडे टीव्हीसमोर, ती चहात. पुढे रिमोट आला तो मुलांच्या हातात. सत्तरीला नातीने तिला फोन घेऊन दिला, आणि बोंडं. रात्री सगळं आवरलं की ती ती कानात घालते आणि साठ वर्षांपूर्वीची गाणी शेवटपर्यंत ऐकते. "काय लावलंयस, असं कुणी विचारत नाही," ती म्हणते. ज्याला दादा एकटेपणा म्हणतो, त्याला ती निवांतपणा म्हणते. वस्तू एकच.

तिचीही एक तक्रार आहे. "हा फोन दादासारखाच आहे रे. एक गाणं मागितलं की पुढची दहा आपल्या मनाने लावतो. म्हणे, तुम्हाला आवडतील! ह्याला कोणी सांगितलं मला काय आवडतं?"

"मग फरक काय पडला?" मी विचारलं.

"ह्याचा कान मला पिळता येतो."

विसर्जनाच्या आदल्या रात्री दादाला झोप येईना. ओटीवर अक्का फोन घेऊन बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिने बोंडं काढून ठेवली आणि आवाज मोठा केला. दादाने थोडा वेळ ऐकलं आणि सवयीने म्हणाला, "हं, पुढचं लाव."

"थांब," अक्का म्हणाली. "अजून एक कडवं आहे."