उसनी दृष्टि

आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होऊन गेल्या कांहीं वर्षांत त्यांची नजर मंदावली आहे. घरांत ते निर्वेध वावरतात, खिडकीबाहेरचें झाडहि त्यांना दिसतें. पण ज्या वस्तूकडे थेट पाहावें, तीच धुक्यांत बुडते. छापील अक्षर तर त्यांना पारखेंच झालें आहे. घरचीं माणसें प्रेमळ. वृत्तपत्र, पत्रें, बँकेचे कागद सूनबाई त्यांना नेमानें वाचून दाखवीत. मध्यंतरीं त्यांच्या तपासणीचा अहवाल आला. सूनबाईंनीं तो वाचला आणि त्यांतलें एक वाक्य गाळलें. आठवड्याभरानें नातवानें आजोबांच्या फोनवर छापील मजकूर मोठ्यानें वाचणारी सोय सुरू करून दिली. आजोबांनीं हातीं लागेल तो कागद फोनपुढें धरला. तो नेमका त्या अहवालाचा होता.

ते आम्हांस म्हणाले, "तिनें एक वाक्य गाळलें ह्याचें मला दुःख नाहीं. पण आजवर आणखी काय काय गाळलें गेलें असेल, हा विचार आतां पिच्छा सोडीत नाहीं." हें ऐकून आम्ही खालीं पाहिलें. कारण गेल्या वर्षीं त्यांना वृत्तपत्र वाचून दाखवीत असतां आम्हीहि एका समवयस्क मित्राची निधनवार्ता मुकाट्यानें ओलांडली होती.

सूनबाईंनीं जें केलें तें दयेनें केलें. यंत्राला दया नव्हती, म्हणून तें पुरतें बोललें. मग ह्या दोहोंपैकीं कोणाचें साहाय्य श्रेष्ठ मानावें?

साहाय्याचे दोन प्रकार आहेत. एकांत साहाय्य करणारा केवळ आपले डोळे देतो. दुसऱ्यांत तो डोळ्यांबरोबर आपली निवडहि देतो, आणि ती दिल्याचें सांगत नाहीं. प्रेमाला दुसऱ्या प्रकाराचा मोह फार. आपण ज्याच्यासाठीं पाहतों, त्यानें काय पाहावें हेंहि आपणच ठरवूं लागतों.

ही खोड केवळ घरगुती नव्हे. पॅरिसच्या अंधशाळेंत प्रारंभीं रोमन अक्षरेंच कागदावर उठवून पुस्तकें केलेलीं असत. तीं बोटांनीं वाचणें अतिशय संथ, आणि तशीं अक्षरें स्वतः लिहिणें त्याहून कठिण. त्याच शाळेचा विद्यार्थी लुई ब्रेल ह्यानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ठिपक्यांची लिपि सिद्ध केली. विद्यार्थ्यांनीं ती आनंदानें उचलली. कित्येक डोळसांना मात्र ती रुचेना, कारण ती त्यांच्या डोळ्यांस परकी होती. फ्रान्समध्यें तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ सालीं. ब्रेल त्यापूर्वीं दोन वर्षें निवर्तला होता. विरोध करणारे दुष्ट नव्हते. आंधळ्यांनीं वाचावें अशी त्यांचीहि इच्छा होती. मात्र जें आपल्याला वाचतां येतें, तेंच त्यांनीं वाचावें, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१९७६ सालीं अमेरिकेंत रे कर्झवाइल ह्यांनीं छापील मजकूर मोठ्यानें वाचणारें यंत्र जगापुढें मांडलें. आज तें काम खिशांतला फोन करतो. ह्या साधनाचा खरा लाभ वेळेची बचत हा नव्हे. आपलें पत्र आपण एकट्यानें वाचावें, वाईट बातमी प्रथम आपल्याला कळावी, आणि ती कोणाला सांगावयाची हें आपण ठरवावें, हा प्रौढ मनुष्याचा अधिकार त्यानें परत मिळवून दिला, हा खरा लाभ होय.

तथापि यंत्राचा जयजयकार करण्यापूर्वीं थोडें थांबावें लागतें. डेन्मार्कमधील हान्स यॉर्गेन विबर्ग ह्यांची स्वतःची दृष्टि अधू आहे. त्यांच्या कल्पनेंतून २०१५ सालीं 'बी माय आइज' ही सोय सुरू झाली. तींत कोणी अनोळखी स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यांतून पाहून समोर काय आहे तें सांगतो. २०२३ पासून तेथें कृत्रिम बुद्धिहि चित्राचें वर्णन करूं लागली. आतां अक्षरें ओळीनें वाचणें निराळें आणि वर्णन करणें निराळें. वर्णन म्हटलें कीं निवड आली. दृश्यांतल्या दहा गोष्टींपैकीं कोणत्या तीन सांगावयाच्या, हें यंत्रच ठरवितें, आणि प्रसंगीं नसलेली वस्तूहि ठाम स्वरांत सांगतें. म्हणजे दयेनें गाळणाऱ्या माणसाच्या जागीं कसल्याहि भावनेविना गाळणारें यंत्र आलें. माणसाला निदान "कां गाळलेंस?" असें विचारतां येतें, आणि त्याला त्याची लाजहि वाटते.

म्हणून साहाय्य माणसाचें कीं यंत्राचें, हा भेद आम्हांस निर्णायक वाटत नाहीं. ज्याची दृष्टि अधू, त्याचा निर्णय त्याच्याच हातीं राहिला कीं नाहीं, ही खरी कसोटी. दृष्टि उसनी घेण्यांत कमीपणा नाहीं. आमच्याहि नाकावर चष्मा आहे. पण उसनी दृष्टि देणाऱ्यानें तिच्याबरोबर आपला विवेक न विचारतां देऊं नये.

यंत्र आल्यानें घरांतला स्नेह आटेल, अशी भीति कोणी व्यक्त करतात. आमच्या स्नेह्यांच्या घरीं तरी तसें झालें नाहीं. बँकेचे कागद आतां ते स्वतः ऐकतात. सायंकाळीं सूनबाई पूर्वींप्रमाणेंच कादंबरी घेऊन त्यांच्याजवळ बसतात. अहवालाचा विषय त्यांनीं एकदांच काढला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें असावें; तें त्यांना दिसलें नाहीं, पण आवाजावरून कळलें. ते एवढेंच म्हणाले, "वाचीत जा, बाई. फक्त सगळें वाचीत जा."

त्या निधनवार्तेविषयीं आम्ही त्यांना पुढच्या भेटींत सांगितलें. त्यांना ती केव्हांच कळली होती.