दोन घरांचा शब्द

मराठी शब्दकोड्याचे एकक अक्षर आहे, आणि या एका गोष्टीमुळे मराठीत कोडे रचण्याची सारी रीत इंग्रजीहून वेगळी होते. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे छापून आले, तेव्हा त्याच्या प्रत्येक चौकोनात एक सुटे रोमन चिन्ह बसत होते. मराठीत चौकोनात, म्हणजे कोड्याच्या परिभाषेत 'घरात', स्वरचिन्हासह सबंध अक्षर बसते, मग ते 'क' असो की 'ऱ्हा'. 'वऱ्हाड' हा शब्द त्यामुळे तीनच घरे व्यापतो. दोन घरांचे शब्द तर मराठीत विपुल आहेत: कर, वर, मान, पाठ, पान, सर, पार, तास, खार, माळ. मोठे शब्द बसवून झाल्यावर काळ्या घरांच्या आसपास ज्या लहान जागा उरतात त्या याच शब्दांनी भरतात, आणि ते पुन्हा पुन्हा येत असल्याने कोडेकाराला दर वेळी नवी सूचना, म्हणजे उत्तराकडे नेणारा छोटा वाक्यांश, शोधावी लागते. अवघड लांब शब्दाची सूचना कोश पाहून लिहिता येते; 'पान' या शब्दाची विसावी सूचना लिहायची तर भाषा जिथे वापरली जाते तिथपर्यंत जावे लागते.

'पान' हा शब्द या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'पर्ण' प्राकृतात 'पण्ण' झाले आणि मराठीत 'पान'. झाडाच्या पानावर लिहिले जाऊ लागले म्हणून पोथीचे पान आले. पानावर वाढले जाऊ लागले म्हणून जेवणाचे पान आले, आणि आता ताट स्टीलचे असले तरी 'पाने मांडली' असेच म्हटले जाते. नागवेलीचे पान खाल्ले जाते म्हणून विड्याला नुसते 'पान' म्हणतात. पत्त्यांचा डाव मांडणाऱ्याच्या हातातही पानेच असतात. एका मुळापासून अर्थाच्या अशा फांद्या फुटण्याला अनेकार्थता म्हणतात. 'स्तनपान' किंवा 'धूम्रपान' यांतले 'पान' मात्र पिणे या अर्थाचे संस्कृत 'पान' आहे आणि त्याचा पर्णाशी काही संबंध नाही. दोन परके शब्द कालांतराने एकाच रूपात येऊन उभे राहिले, की त्याला समरूपता म्हणतात. 'कर्म'पासून आलेले मराठी काम आणि वासना या अर्थाचा संस्कृत काम यांचे नाते असेच. चांगली सूचना या दोहोंतला फरक जाणते. अनेकार्थी शब्दाच्या सूचनेत सोडवणाऱ्याला एका अर्थावरून दुसऱ्यावर जाताना वाट सापडते, तर समरूप शब्दाच्या सूचनेत त्याला उडीच मारावी लागते.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी भागात हाच शब्द आणखी दाट होतो. तिथे आणि अकोला जिल्ह्यातल्या अकोट-तेल्हारा पट्ट्यात नागवेलीचे पानमळे आहेत आणि त्यांच्या जोडीने पानपिंपळी ही औषधी वेलही पिकते. पानमळ्यात पान हे पीक आहे. त्याची लागवड होते, खुडणी होते, त्याला बाजारभाव असतो. पानपिंपळीच्या नावात पान असले तरी विकली जातात ती तिची वाळवलेली फळे. 'तोंडाला पुसली की फसवणूक झाली' या सूचनेचे उत्तर 'पाने' हे मराठी जाणणाऱ्या कोणालाही सुचेल, परंतु 'नावात आहे, पण विकले जाते फळ' ही सूचना अंजनगावच्या वाचकाला जितकी सहज उलगडेल तितकी दुसऱ्या कोणाला उलगडणार नाही, आणि म्हणून ती कमी प्रतीची ठरते असे मुळीच नाही.

मराठी सूचनेजवळ एक साधन असे आहे की ज्याचा पुरेसा विचार झालेला नाही. ते म्हणजे लिंग. पावसाची ती सर आणि मोत्यांचा तो सर, होडी या अर्थाची ती नाव आणि माणसाचे ते नाव, शरीराची ती पाठ आणि पुस्तकातला तो पाठ, हार या अर्थाची ती माळ आणि उजाड जमिनीचा तो माळ, असे असंख्य शब्द मराठीत केवळ लिंगावरून अर्थ बदलतात. 'मान' हा शब्द तर तिन्ही लिंगांत फिरतो: सन्मान या अर्थी तो, गळ्याच्या मागच्या अवयवासाठी ती, आणि माप किंवा प्रमाण या अर्थी ते. 'तो मिळवावा लागतो, ती जन्मतः असते' एवढ्या सूचनेत नामाचा उल्लेखही न करता दोन सर्वनामांनी उत्तर बांधून टाकता येते. कोड्यातले आडवे उत्तर जसे त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दाने पक्के होते, तसा बोलण्यातला अनेकार्थी शब्द त्याच्या शेजारच्या विशेषणाने आणि क्रियापदाने पक्का होतो. भाषा हे काम दिवसभर करीत असते, कोडे ते दाखवून देते.

प्रश्न उभा राहतो तो अर्थाच्या निवडीचा. कोशकार एका शब्दाखाली दहा अर्थ ओळीने देऊ शकतो. कोडेकाराला त्यांतला एखादाच उचलावा लागतो, आणि तो उचलताना मराठी कोणाची हे तो नकळत ठरवीत असतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाने बोलींतले शब्द मोठ्या कष्टाने गोळा केले आणि त्यांच्यापुढे कंसात ओळखीची खूण ठेवली, वऱ्हाडीसाठी ती '(व.)' अशी आहे. या खुणेमुळे शब्द कुठला ते कळते, आणि अभ्यासकावर तिचे मोठे उपकार आहेत. परंतु कंसातला शब्द वाचणाऱ्याला आपोआप बाजूचा वाटू लागतो, आणि सूचना लिहिणाऱ्याचा हात बहुधा कंस नसलेल्या अर्थाकडेच जातो. 'तास' म्हटले की 'साठ मिनिटे' ही सूचना तयार असते. फारसीतून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थ धातूचे पात्र किंवा थाळी, आणि वेळ मोजण्या-कळवण्याच्या जुन्या साधनांमुळे तो कालवाचक झाला, ही माहितीही कोशात सापडते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मात्र तास म्हणजे आधी पेरणीची ओळ आठवते. कपाशीत अधूनमधून तुरीचे तास पेरायचे, दोन तासांमधून डवरा चालवायचा, तास सरळ निघाले की नाही ते बांधावरून पाहायचे, ही त्याच्या रोजच्या कामाची भाषा आहे, आणि शेतीच्या छापील सल्ल्यात 'ओळ' आली तरी बैलामागे चालणाऱ्याच्या तोंडी तासच राहतो.

'वावर' या तीन घरांच्या शब्दाचेही असेच आहे. छापील मराठीत वावर म्हणजे वर्दळ किंवा येणे-जाणे. वऱ्हाडात वावर म्हणजे शेत, आणि 'वावरात गेला' या वाक्याला तिथे दुसरा अर्थच नाही. 'खार' या शब्दाला पाठीवर पट्टे असलेल्या चपळ प्राण्याची सूचना दिली जाते, फार तर लोणच्याच्या खाराची किंवा कोणावर खार खाण्याची. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला जो विस्तीर्ण प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, जिथे विहिरीला पाणी लागूनही ते पिण्याच्या किंवा ओलिताच्या कामाचे नसते, तिथल्या माणसाला 'खार' या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांची तहान ऐकू येते. 'विहिरीत उतरला की पाणी असून नसल्यासारखे' ही सूचना कोड्यात आली, तर तो अर्थ कंसातून बाहेर येईल आणि पुण्या-मुंबईच्या वाचकालाही त्याच्यासाठी दोन घरे मोकळी करावी लागतील.

वऱ्हाडी बोलीने अनेकार्थी शब्दांत स्वतःची भरही घातली आहे. या बोलीत 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो: डोळा तो डोया, आभाळ ते आभाय, सकाळ ती सकाय. या एका ध्वनिबदलाने नव्या समरूप जोड्या तयार होतात, कारण गाळ आणि गाय, माळ आणि माय, काळ आणि काय हे कानाला एकच होऊन बसतात. तरीही घोटाळा होत नाही. 'तलावातला गाय उपसला' या वाक्यात विशेषण आणि क्रियापद दोन्ही पुल्लिंगी असल्याने गाळच समजला जातो, आणि जिथे माळ व माय दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने लिंग मदतीला येत नाही, तिथे गळ्यात घातली की घरी वाट पाहत बसली यावरून उलगडा होतो. काळ्या मातीला वऱ्हाडी माणूस 'काया माती' म्हणतो, आणि संस्कृतातून आलेली 'काया' म्हणजे शरीर. हा योगायोग केवळ ध्वनीचा असला तरी कापसाच्या काळ्या रानात राबणाऱ्यांच्या बोलीत तो घडावा हे मनाला स्पर्श करून जाते. छापील कोड्याला ही समरूपता सहसा परवडत नाही, कारण ते प्रमाण लेखन गृहीत धरते. तरीही 'वऱ्हाडी उच्चारात' एवढे दोन शब्द जोडून अशी सूचना देता येईल आणि ती दिली जावी.

सूचनेच्या संदिग्धतेला अर्थात मर्यादा हवी, आणि ती मर्यादा या देशात कायद्यापर्यंत गेलेली आहे. बक्षिसांच्या कोड्यांचा जेव्हा मोठा धंदा झाला, तेव्हा एकाच सूचनेला दोन उत्तरे सारखीच बसत आणि कोणते 'बरोबर' ते आयोजकाच्या मोहोरबंद पाकिटावर अवलंबून राही. १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची मर्यादा घातली, आणि १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते त्यांनाच लागू आहे असा निर्णय दिला. कौशल्य आणि नशीब यांच्यातली ही रेषा सूचनेच्या गुणवत्तेची कसोटीही आहे: एका शब्दाचे अनेक अर्थ जागे करणारी सूचना कौशल्याची, आणि अनेक शब्दांना सारखीच बसणारी सूचना सोडतीची.

संस्कृत काव्यशास्त्राने पहिल्या प्रकाराला श्लेष हे नाव दिले. श्लेष म्हणजे आलिंगन, एका शब्दाला दोन अर्थांनी कवटाळणे. दंडीने 'काव्यादर्शा'त वैदर्भ मार्गाचे, म्हणजे विदर्भाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या काव्यशैलीचे, जे दहा गुण सांगितले त्यांतला पहिला गुणही श्लेषच आहे. तिथे मात्र त्याचा अर्थ रचनेची घट्ट वीण असा होतो. अनेक अर्थांना नाव देणारी संज्ञा स्वतःच अनेकार्थी आहे, आणि चांगल्या कोड्यात तिचे दोन्ही अर्थ लागतात, कारण सूचनेत दुहेरी अर्थ हवा आणि चौकटीत घट्ट वीण.

वऱ्हाडासाठी शेवटी बाजारातल्या एका शब्दाची शिफारस करावीशी वाटते. कारंजा हे गाव आज वाशीम जिल्ह्यात असले तरी १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. १८८६ मध्ये तिथला कापूस बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. भारतातल्या अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून गुपचूप भाव ठरवण्याची रीत होती. उघड लिलावात मात्र भाव मोठ्याने बोलला जातो, म्हणून त्या भावाला 'बोली' म्हणतात. गावाची, मातीची, आईच्या तोंडची भाषाही बोलीच. 'ती लागली की भाव ठरतो, ती ऐकली की गाव कळते' अशी सूचना अकोल्याच्या वाचकापुढे ठेवली तर त्याला कोश उघडावा लागणार नाही, आणि उत्तर भरताना त्याला दोनच घरे लागतील.