लहान देहातील कप्तान

माणसाचे वय म्हणजे नेमके काय? जन्मदाखल्यावरील तारीख, देहाची झीज, की आजवर पाहिलेल्या आणि सोसलेल्या गोष्टींचा साठा? व्यवहारात ही तिन्ही एकत्रच नांदतात, म्हणून हा प्रश्न आपल्याला पडत नाही. साठी गाठलेल्या माणसाचे गुडघे साठ वर्षांचे असतात आणि आठवणीही साठ वर्षांच्याच. परंतु एखाद्या दिवशी ही सांगड सुटली तर? हुद्दा, विद्वत्ता, संसार, सारे जागच्या जागी. देह तेवढा दहा-बारा वर्षांच्या मुलाचा. अशा माणसाला आपण अहोजाहो करू की अरेतुरे? मराठी बोलणाऱ्याला तर पहिल्याच वाक्यात हा निर्णय घ्यावा लागेल. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम पुरते; तेथे हा पेच थोडा वेळ झाकून ठेवता येतो.

हा पेच एका कथेत फार मनोरंजक रीतीने मांडला गेला आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेचा ‘रास्कल्स’ नावाचा भाग 1992 सालच्या ऑक्टोबरअखेर प्रथम दाखविण्यात आला. चोविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइझ’ हे अंतराळयान, त्यावर हजाराहून अधिक माणसे आणि त्यांचा कप्तान पिकार्ड. हा साठी ओलांडलेला, टक्कल पडलेला, शिस्तीचा व वाचनाचा भोक्ता गृहस्थ. मुलांच्या सहवासात आपल्याला अवघडल्यासारखे होते, हे त्याने 1987 सालच्या पहिल्याच भागात आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, रायकरला, बजावून सांगितलेले आहे. असा हा कप्तान तीन स्त्री-सहकाऱ्यांसह एका लहान यानातून परतत असता अपघात होतो. माणसाचे कण विलग करून दुसऱ्या ठिकाणी ते पुन्हा जुळविणाऱ्या यंत्राने चौघांना ऐनवेळी वाचविले जाते. पण जुळणीत वाढीचे गुणधर्म ठरविणारा काही अंश गळतो आणि यंत्राच्या ओट्यावर चार मुले उभी राहतात. मने जुनी, देह नवे. पिकार्डचा हात प्रथम डोक्याकडे जातो. तेथे केस उगवलेले असतात!

विनोद येथवरच. त्यानंतर जे घडते ते विचार करण्याजोगे आहे. पिकार्ड नेहमीप्रमाणे नियंत्रणकक्षात येतो, नेहमीप्रमाणे आज्ञा देतो. आज्ञा अचूक असते. तरी ऐकणारे क्षणभर थबकतात आणि रायकरच्या तोंडाकडे पाहतात. पुढे डॉक्टरीणबाई त्याला सौम्य शब्दांत सुचवितात की, या बदलाचा मनावर काय परिणाम होईल हे कळेपर्यंत त्याने अधिकारपद सोडावे. कारण वैद्यकीय आहे आणि ते खोटेही नाही. परंतु प्रेक्षकाला उमगते की खरे कारण त्या बालआवाजात आहे. ज्ञान, अनुभव, नेमणुकीचा कागद यांपैकी काहीही गेलेले नाही. गेले आहे ते केवळ इतरांच्या डोळ्यांतील वजन.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या 1694 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण नव्याने घातले. त्यात एक राजपुत्र व एक चांभार येतात. राजपुत्राचा आत्मा साऱ्या आठवणींसह चांभाराच्या देहात शिरला तर व्यक्ती राजपुत्राचीच राहील, कारण स्वतःविषयीची जाणीव अखंड आहे, असा लॉकचा निर्णय. पण तोच हेही मान्य करतो की शेजारीपाजारी मात्र ‘हा आपला चांभारच’ असे म्हणतील. लॉकच्या न्यायाने पिकार्ड निःसंशय कप्तान आहे. जहाजावरील मंडळी त्या शेजाऱ्यांच्या जागी आहेत, एवढेच.

मग निकाल लागला, असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच कथेत आहे. अपघातग्रस्तांपैकी केको ही विवाहित आहे. यंत्रावर काम करणारा ओब्रायन हा तिचा पती. घरी ती त्याच्याशी पूर्वीच्याच सलगीने बोलू पाहते आणि तो संकोचाने मागे सरकतो. आता आपला विवाह संपला का, असा तिचा रोकडा प्रश्न. त्यांची चिमुकली मुलगी मॉली तर या अनोळखी पोरीला जवळच करीत नाही. तिला आपली आई हवी असते. लॉक म्हणेल, ही तीच व्यक्ती आहे. पण ओब्रायनचा संकोच हा अडाणीपणा आहे काय? मुळीच नाही. तो मागे सरकला नसता तर आपल्याला किळस आली असती. याचा अर्थ असा की देह म्हणजे काही अंगरखा नव्हे. आत्म्याला ‘मी’ म्हणता येत नाही, कारण ‘मी’ म्हणजे देहासह असणारा मनुष्य, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात, त्याचा प्रत्यय ओब्रायनच्या त्या एका पावलात येतो. पतीपत्नीचे नाते केवळ दोन स्मरणशक्तींमध्ये नसते.

तेव्हा एकाच घटनेत दोन निवाडे द्यावे लागतात. केकोच्या बाबतीत देहाकडे पाहणे हा विवेक आहे. पिकार्डच्या बाबतीत देहाकडेच पाहणे हा अन्याय आहे. दोहोंना एकच नियम लावू पाहणारा माणूस कुठे तरी चुकणार. दांपत्याचे नाते देहाला धरून आहे. नेतृत्व बुद्धीला व विश्वासाला धरून आहे. कोणत्या नात्यात देहाचे काय मोल, हे दर वेळी नव्याने तोलावे लागते, आणि हे तोलण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही.

हा प्रश्न अंतराळातलाच नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कम्युनियन देण्यासाठी मी घरोघर जातो, तेव्हा याच कथेची उलटी आवृत्ती मला दिसते. पस्तीस वर्षे शाळेत शिकविलेले गुरुजी खाटेवर पडलेले असतात, आलेला पाहुणा त्यांच्या उशाशी उभा राहून सुनेला विचारतो, “रात्री झोपतो का गं नीट?” काल ‘सर’ म्हणणारी जीभ आज एकेरीवर येते. ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ ही म्हण आपण कनवाळूपणे वापरतो, परंतु तिचा व्यवहारातील अर्थ बहुधा एवढाच असतो, की आता यांना विचारायचे कारण उरले नाही. गुरुजी डोळे मिटून घेतात. ऐकू मात्र सगळे येत असते.

लहान होण्याची वा तरुण होण्याची इच्छा मनुष्याच्या कल्पनेत फार जुनी आहे. आपल्याकडे ययाती आहेच. महाभारतातील त्याच्या कथेवर वि. स. खांडेकरांनी 1959 साली कादंबरी लिहिली आणि तिला 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले ते भोगासाठी, आणि पुरूने ते दिले म्हणून त्याची वासना शमली असे झाले नाही. इंग्लंडमध्ये एफ. अँस्टी याने 1882 साली ‘व्हाइसा व्हर्सा’ ही विनोदी कादंबरी लिहिली. तिच्यात बाप आणि मुलगा यांच्या देहांची अदलाबदल होते, तीही हिंदुस्थानातून आणलेल्या ‘गरुड’ नावाच्या मण्यामुळे! शाळेचे दिवस म्हणजे सुखाचे दिवस, असे मुलाला ऐकविणाऱ्या त्या व्यापारी बापाला मग त्याच शाळेत जाऊन राहावे लागते आणि ते सुख पुरते चाखावे लागते. पिकार्ड या दोघांहून वेगळा, कारण त्याने काहीच मागितलेले नाही. फुकट हाती आलेल्या पन्नास वर्षांचे काय करावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. पुन्हा प्रबोधिनीत शिकायला जावे काय? ही कल्पना त्याला हास्यास्पद वाटते. त्याला आयुष्य वाढवून नको आहे. त्याला त्याचे काम हवे आहे.

आता जहाज परत मिळविण्याचा भाग. फेरेंगी नावाचे लोभी चाचे दोन जुनी लढाऊ याने घेऊन हल्ला करतात, एंटरप्राइझ ताब्यात घेतात, प्रौढांना खाली ग्रहावर खाणीत राबायला पाठवितात आणि मुलांना वर्गखोलीत कोंडतात. मुलांचे काय भय? त्या मुलांत जहाजाचा कप्तान बसला आहे, हे त्यांच्या स्वप्नीही येत नाही. कथेचे मर्म मला येथे दिसते. ज्या नजरेने पिकार्डचे पद काढून घेतले तीच नजर चाच्यांना आंधळे करते. आपल्या माणसांनी अदबीने केलेली उपेक्षा आणि शत्रूने तुच्छतेने केलेली उपेक्षा, दोन्ही एकाच मुळाच्या.

आणि मग त्या करारी कप्तानाला आयुष्यातील बहुधा सर्वांत कठीण अभिनय करावा लागतो. तो पाय आपटतो, आक्रस्ताळेपणा करतो, “मला माझे बाबा हवेत” म्हणून रडारड करतो. ओलीस ठेवलेला रायकर हाच आपला बाप असे भासवून तो त्याच्यापर्यंत पोहोचतो. रायकरला खूण पटते. तो वर्गातील संगणकाची वाट मोकळी करून देतो आणि चाच्यांना निरर्थक तांत्रिक शब्दांचा पाठ गंभीर चेहऱ्याने शिकवीत वेळ काढतो. मुले अरुंद भुयारांतून रांगत जातात, एकेका चाच्याला नकळत खुणेची पदके चिकटवितात आणि त्यांना यंत्राने उचलून एका जागी कोंडतात. या कामात अलेक्झांडर हा खराखुरा लहान मुलगाही बरोबरीने वावरतो, याची नोंद घेतली पाहिजे.

संत ऑगस्टीन यांना ही युक्ती रुचली नसती. असत्याविषयी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले व जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये असे ठामपणे मांडले. सेमिनरीत या मतावर आमचे तावातावाने वाद होत, आणि आजही मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पण रायकरचे पाठ बाजूला ठेवले, तर पिकार्डचे रडणे हे कितपत खोटे आहे? मुलाच्या देहात असताना मुलासारखे वागणे, म्हणजे आपली जी ताठ प्रतिमा तो धरून बसला होता ती सोडून देणे. तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले ते वयाचे नव्हे. मुंगीला साखर मिळते आणि ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, असे कारण त्यांनी दिले. पिकार्डला ते न मागता मिळाले आणि ते वापरण्याची लाज त्याने गिळली.

लहानपणाचे हे कोडे ज्याने जगून पाहिले असा एक माणूस होऊन गेला. पोलंडमधील ज्यू डॉक्टर यानुश कोर्झाक. वॉर्सा शहरात 1912 सालापासून तो अनाथाश्रम चालवीत असे. तेथे मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुलेच असत आणि खुद्द कोर्झाकवरही तेथे खटले चालले. 1925 साली त्याने एक पुस्तक लिहिले. त्यातील शिक्षक प्रौढपणाची जाणीव शाबूत ठेवून पुन्हा शाळकरी मुलगा होतो. थोड्याच काळात त्याला कळते की मुलाचे दुःख क्षुल्लक गोष्टीसाठी असले तरी क्षुल्लक नसते. मुलांत वावरणे थकविणारे आहे हे कोर्झाक कबूल करतो, परंतु त्याचे म्हणणे असे, की आपण खाली वाकावे लागते म्हणून थकत नाही, त्यांच्या भावनांपर्यंत पोहोचण्यासाठी टाचा उंचवाव्या लागतात म्हणून थकतो. 1942 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला. बालहक्कांची सनद संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 रोजी संमत केली, त्याच्या कितीतरी आधी त्याने हे हक्क शब्दांत आणि कृतीत मांडले होते. त्या सनदेचे बारावे कलम सांगते की, मुलाशी संबंधित बाबतीत त्याचे मत ऐकले जावे व वयानुरूप त्याला वजन द्यावे. भारताने ती सनद 1992 च्या डिसेंबरमध्ये स्वीकारली. कलम साधे आहे. आपल्या घरांत ते किती शिरले आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

कथेतील चौथी व्यक्ती उरली : रो लॅरेन. तिचे बालपण निर्वासितांच्या छावणीत गेले. सात वर्षांची असताना शत्रूने तिच्या डोळ्यांसमोर तिच्या बापाला हाल करून मारले. ‘ईश्वरनगरी’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात ऑगस्टीन म्हणतात, की मृत्यू किंवा पुन्हा बाल्य, यांतून एक निवड असे सांगितले तर माणूस शहारून मृत्यूच निवडील. शाळेत मार खाणाऱ्या आणि त्यावर वडीलधाऱ्यांचे हसू सोसणाऱ्या मुलाचे ते उद्गार आहेत, हे ‘कबुलीजबाब’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. रोही आरंभी अशीच चिडलेली असते. एकदा भोगले ते पुरे झाले, अशी. तिच्यासोबत मूल झालेली गायनन ही मुळात कित्येक शतके जगलेली स्त्री. ती मात्र पलंगावर उड्या मारते, खिदळते, रोलाही ओढते. रो आधी झिडकारते. मग केव्हातरी तीही उड्या मारू लागते.

जहाज परत मिळते. यंत्र दुरुस्त होते. पिकार्ड पुन्हा प्रौढ होतो, पुन्हा त्याचा हात डोक्याकडे जातो. आता रोची पाळी; डॉक्टरीणबाई वाट पाहत आहेत. रो खोलीत कागद-रंग घेऊन बसली आहे. गायनन तिला उठवायला येते आणि उठविण्याऐवजी तिच्या शेजारी बसते. चित्र अजून पुरे व्हायचे आहे.