आज्ञा : ओझे की आशीर्वाद?

'आज्ञा' म्हटले की आपल्याला आधी बंधन आठवते. पण निर्गमाच्या पुस्तकातला क्रम पाहा. तांबडा समुद्र 14 व्या अध्यायात ओलांडला जातो. दहा आज्ञा येतात 20 व्या अध्यायात. 'आज्ञा पाळा, मग सोडवीन' असे देव म्हणाला नाही. त्याने आधी सोडवले, मग आज्ञा दिल्या.

आता शब्बाथाची आज्ञा त्या लोकांच्या कानांनी ऐका. ते फारोसाठी विटा पाडत होते. देवाची उपासना करायला जाऊ द्या म्हटले, तर त्यांना आळशी ठरवून काम आणखी जड केले गेले. अशांना देव सांगतो : सातव्या दिवशी थांबा, तुमचे दास, परदेशी, बैल, गाढव यांनाही विसावा द्या. ही सक्ती होती की कृपा?

आज तुम्हाला कोणती आज्ञा जड वाटते? क्षमा करण्याची? खरेच, ती सोपी नाही. पण मनात राग धरून बसलेला माणूस रोज त्या रागासाठी विटा पाडत असतो. ज्याने वधस्तंभावर तुमची क्षमा आधीच मिळवली, तोच म्हणतो, 'क्षमा कर.' तो तुमच्यावर ओझे लादत नाही. तुम्हाला बाहेर बोलावतो आहे.